उंचीची अट

लग्नाचे फोटो ठरवायला येणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकांना काहीच ठाऊक नसतं, ती 'तुम्हीच बघा ताई' म्हणून मोकळी होतात. दुसऱ्यांना सगळंच ठाऊक असतं. विनीताबाई या दुसऱ्यांतल्या, आणि त्यातही निवृत्त मुख्याध्यापिका. म्हणजे समोरच्यानं हाताची घडी घालून ऐकण्यापलीकडे काही उरतच नाही.

त्या नांदेडहून सकाळच्या एसटीनं लातूरला आल्या, दीपमालाच्या स्टुडिओत पंख्याखाली बसल्या, पेलाभर पाणी प्यायल्या आणि पिशवीतून एक वही काढली. वहीत पोझेस होत्या, मोबाइलवरून छापून, कापून, डिंकानं चिकटवलेल्या. प्रत्येकीला लाल शाईनं नंबर दिलेला. दीपमालानं पानं उलटली. मुलगी झोपाळ्यावर, मुलगा मागे उभा. मुलगी खालच्या पायरीवर बसलेली, मुलगा वरच्या पायरीवर. मुलगी तळ्याच्या काठी पाय सोडून बसलेली, मुलगा कठड्याला टेकून. एकूण बावीस.

"बाई, ह्या बहुतेक सगळ्यांत पोरगी बसलेलीच हाय की," दीपमाला म्हणाली.

"तेच सांगायला आले. प्री-वेडिंग असो, लग्न असो, एकाही फोटोत मुलगी मुलापेक्षा उंच दिसायला नको. ही माझी अट समजा."

"किती उंच हाय पोरगी?"

"तीन इंच," विनीताबाई म्हणाल्या. मग खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी पुस्ती जोडली, "सव्वातीन."

आता हे एवढं मोठं माप आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं कुणीही विचारेल. दीपमालानंही विचारलं. त्याचं असं झालं होतं की बायोडाटा लिहिताना विनीताबाईंच्या यजमानांनी, राघवेंद्ररावांनी, मुलाची पाच फूट साडेसहा इंच उंची 'पाच-आठ' करून टाकली. मुलाच्या उंचीत दीड-दोन इंच सगळेच घालतात, त्यात काय मोठंसं. इकडे लातूरला मुलीच्या वडिलांना काळजी, की पोरगी ताडमाड, स्थळं येतात आणि जातात. त्यांनी पाच फूट पावणेदहाची 'पाच-सहा' केली. कागदावर जोडा असा शोभला की गुरुजींनी पत्रिकासुद्धा घाईघाईत पाहिली. पाहायच्या कार्यक्रमात मुलगी पोहे द्यायला वाकली, नमस्कार करायला वाकली आणि उरलेला वेळ सोफ्यावर बसून होती. दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तर तिथं झोपाळा.

साखरपुड्यात अंगठ्या घालायला दोघं शेजारी उभी राहिली तेव्हा ते आख्ख्या हॉलला दिसलं. दोन्हीकडचे वडील एकमेकांकडे न बघता पंख्याकडे बघत राहिले. तक्रार करणार कोण? दोघांनीही मापात पाप केलं होतं. लग्न मोडावं असं कुणालाच वाटत नव्हतं, कारण घर चांगलं, मुलगी चांगली, मुलगा तर फारच चांगला. तेव्हा असं ठरलं की उंचीबद्दल बोलायचं नाही. फोटोंचं तेवढं विनीताबाई बघणार होत्या.

दीपमालानं काम घेतलं, आणि मनाला काही न लागता घेतलं. ती मूळची मुरुडची. लातुरात येऊन अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली हळदीचे, मेंदीचे, बायकांच्या खोलीतले फोटो काढत होती. स्वतःचा स्टुडिओ होऊन चार वर्षं झाली होती, नवरा दयानंद बियाण्याच्या दुकानातली नोकरी सोडून तिच्याबरोबर लाइट धरायला लागला होता, पण नांदेडचं आख्खं लग्न अजून कुणी बाईच्या हातात दिलं नव्हतं. शिवाय फोटोत माणूस आहे त्याहून बरा दिसावा म्हणूनच तर लोक येतात. तिरळ्या नवऱ्याला तिनं बाजूनं टिपलं होतं, सुटलेल्या पोटापुढं फुलांची परडी धरायला लावली होती. एका पोरीला बसवायचं, त्यात काय अवघड?

प्री-वेडिंगला कंधारचा किल्ला ठरला. नांदेडकरांना आणि लातूरकरांना दोघांनाही जमेल असा, खंदकात पाणी, मोठे दरवाजे, डिसेंबरची कोवळी उन्हं. अशा वेळी मुलाची आई बरोबर येत नाही. विनीताबाई आल्या. बरोबर वही आली.

मनस्विनी गाडीतून उतरली तेव्हा दयानंद हळूच पुटपुटला, "लई उंच हाय गं." दीपमालानं त्याला डोळ्यांनीच दाबलं. मनस्विनी लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची, दोन-दोनशे पोरांच्या वर्गाला. पण इथं ती कुणीतरी पाहुणीच असल्यासारखी गप्प होती. अवधूत तिच्याहून गप्प. तो भोकरला बँकेत अधिकारी होता, गोरा, नीटनेटका, बोलायच्या आधी घसा साफ करणारा. सकाळपासून तो आईकडे, वहीकडे आणि आपल्या बुटांकडे आळीपाळीनं बघत होता.

अकरा वाजेपर्यंत चौदा पोझेस झाल्या. मनस्विनी पायऱ्यांवर बसली, कठड्यावर बसली, गवतात बसली, एका कमानीत तर उकिडवी बसली. हिरव्या गाऊनचा घोळ मातीनं माखला. फोटो छान येत होते, त्यात वाद नाही. दीपमाला स्वतःवर खूश होती.

पंधरावी पोझ उभ्यानं होती. त्यासाठी विनीताबाईंनी एक सपाट दगड शोधून ठेवला होता, आणि तो दगड दरवाज्यापर्यंत वाहून आणायचं काम अर्थातच दयानंदकडे आलं. अवधूत दगडावर चढला. मनस्विनी शेजारी उभी राहिली. गाऊनच्या घोळानं दगड झाकला. विनीताबाई चार पावलं मागे गेल्या आणि डोळे बारीक करून बघू लागल्या.

"अजून थोडी वर दिसतेय. मनस्विनी, गुडघ्यात जरा वाक. गाऊनमध्ये कळत नाही."

मनस्विनी वाकली. दीपमालानं कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत सगळं जिथल्या तिथं होतं, उजेड, कमान, मागचा खंदक. आणि मधोमध एक बाई ओठ ताणून हसत होती आणि गाऊनखाली तिचे गुडघे थरथरत होते. गाऊनचा काठ हलत होता, म्हणून कळलं. दीपमालाचं बोट बटणावर होतं, ते तिथंच राहिलं. सकाळपासून आपण हे चौदा वेळा केलं आणि आपल्याला दिसलं नाही, याची तिला लाज वाटली.

मनस्विनी सरळ झाली. "काकू," ती म्हणाली, "तुमच्या सगळ्या पोझ मी दिल्या. आता एक फोटो मला पाहिजे. दोघांचा, जमिनीवर सरळ उभं राहून, डोक्यापासून पायापर्यंत. आणि लग्नात पडद्यावर तो दाखवायचा."

"ते होणार नाही."

"का?"

विनीताबाईंनी वही मिटली. "हा माझ्याच शाळेत होता. प्रार्थनेच्या रांगेत दहावीपर्यंत पहिला. पोरं बुटकूर म्हणायची. मधल्या सुट्टीत माझ्या ऑफिसात येऊन रडायचा, आणि मी तिथली मुख्याध्यापिका असून एका पोराचं तोंड बंद करू शकले नाही. त्या शाळेतली निम्मी पोरं लग्नाला येणार आहेत. आठशे माणसांत त्याच्याच लग्नात, त्याच्याच पडद्यावर..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

बाईंचं दुःख खरं होतं. दीपमालाला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. तिनं दगडावर अजून उभ्या असलेल्या अवधूतला विचारलं, "सर, तुमचं काय म्हणणं हाय?"

अवधूतनं घसा साफ केला. "आई म्हणते तसं करा."

मनस्विनीनं आवाज चढवला नाही. "अवधूत, गुडघ्यात वाकून चाळीस वर्षं मला राहता येणार नाही. एका फोटोसाठी तुझ्या तोंडून शब्द निघत नसेल तर बारा दिवसांनी जे करायचंय त्याचा मी पुन्हा विचार करते. बाबांना फोन लावते." आणि ती तरातरा चालत दरवाज्याच्या पलीकडे गेली, पायरीवर सगळ्यांकडे पाठ करून बसली. फोन तिच्या हातात होता.

मग विनीताबाईंनी वही उघडली. "सोळा नंबर घ्या. त्याचा एकट्याचा आहे."

"न्हाई घेत," दीपमाला म्हणाली.

"काय?"

"बाई, चौदा घेतल्या. आता ह्या पोरीला वाकवून मी एक बी फोटो काढणार न्हाई. हितं बी न्हाई अन् लग्नात बी न्हाई. तुम्हाला दुसरा फोटोग्राफर बघायचा तर खुशाल बघा."

दयानंदच्या हातातला रिफ्लेक्टर खाली आला. "अगं, काय बोलायलीस? नांदेडची ऑर्डर हाय."

"ठाऊक हाय मला कुठली हाय ती."

तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कॅमेरा घेऊन ती अवधूतच्या समोर गेली आणि स्क्रीनवर सकाळपासूनचे फोटो एकेक करून पुढं सरकवू लागली. मनस्विनी बसलेली. मनस्विनी उकिडवी बसलेली. मनस्विनी खांबाआड, नुसता चेहरा दिसतोय. अवधूत बघत होता. मग एक वेगळा फोटो आला. दोन पोझच्या मधे, पाणी प्यायला मनस्विनी तटावर एकटीच जाऊन उभी राहिली होती, दीपमालानं सवयीनं टिपला होता. पाठ ताठ, मान वर, वाऱ्यानं केस उडालेले, आणि ती खंदकापलीकडच्या शेतांकडे बघत होती.

अवधूत त्या फोटोवर थांबला. दीपमालानं पुढं सरकवायला बोट नेलं तर तो म्हणाला, "थांबा."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तिची उंची. होकार द्यायच्या आधी मी लातूरला गेलो होतो. कुणालाच सांगितलं नाही. मामेभावाच्या ॲडमिशनची चौकशी करायची म्हणून तिच्या क्लासमध्ये डेमो लेक्चरला शेवटच्या बाकावर बसलो. फळा हा एवढा मोठा. आधीचे सर मधल्या पट्ट्यातच लिहून गेले होते. ही आली आणि अगदी वरच्या काठापासून लिहायला लागली. हात लांब करून, आरामात. दोनशे पोरं चिडीचूप." तो हसला, त्या दिवसातलं पहिलंच. "मी आयुष्यात एवढं सुंदर काही बघितलं नव्हतं. भोकरला परत जाईपर्यंत तेच डोळ्यांपुढं होतं. म्हणून तर हो म्हणालो."

दीपमालानं कपाळाला हात लावला. "अन् हे तुम्ही मला सांगायलात? माझ्यासंगं लग्न हाय का तुमचं?"

चार पावलांवर उभ्या असलेल्या विनीताबाईंनी शब्दन् शब्द ऐकला होता. "तू पाहून आला होतास?" त्यांनी विचारलं. "आणि आम्ही तुझी फसवणूक झाली म्हणून महिनाभर तोंड लपवतोय?"

"आई, कसं सांगणार? तुला वाटलं असतं मी कळून सवरून..." आईला काय वाटलं असतं यातच त्याचं सगळं तारुण्य गेलं होतं, ते आता एका वाक्यात कुठं मावणार? तो दगडावरून उतरला आणि दरवाज्याकडे निघाला.

पायरीवर दोघं काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. दीपमालानं मुद्दाम कॅमेरा खाली ठेवला. एवढं दिसलं की तो उभा राहून बोलतोय, ती बसून ऐकतेय, मग तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतेय की हसतेय ते लांबून कळेना. नंतर कळलं, दोन्ही करत होती. म्हणाली, त्या दिवशी मागच्या बाकावर पालक म्हणून बसलेला तो टाय घातलेला मुलगा तिला आठवत होता. तिला वाटलं, इन्कम टॅक्सवाला असावा.

फोटो दरवाज्यातच काढला. जमिनीवर, शेजारी शेजारी, दोघांच्या मधे एक वीत अंतर, हात हातात. मनस्विनी सरळ उभी. अवधूतही सरळ, कारण आता लपवायला काही नव्हतं. विनीताबाई त्या वेळी खंदकाकडे तोंड करून उभ्या होत्या.

लग्नाच्या ऐन तारखांत दुसरा फोटोग्राफर कुठून मिळणार? म्हणून दीपमालाची ऑर्डर राहिली. विनीताबाईंचा फोन मात्र दोनदा आला. लग्नात पडद्यावर दाखवायच्या फिल्ममधून तो एक फोटो काढून टाका. दीपमाला दोन्ही वेळा तेच म्हणाली, "त्या दोघांनी सांगितलं तर लगेच काढून टाकते, बाई." दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही.

नांदेडच्या मंगल कार्यालयात व्यासपीठाशेजारी भला मोठा एलईडी पडदा लावला होता. मुहूर्ताच्या आधी, लोक खुर्च्या धरून बसले असताना, फिल्म सुरू झाली. तो फोटो आला तेव्हा दीपमालानं व्यासपीठाकडे पाहिलं. चारच सेकंद होता तो. पण तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालंच, "नवरदेवाला स्टूल द्या रे," आणि हशा पिकला. फार मोठा नाही, पण व्यासपीठापर्यंत पोचण्याइतका. विनीताबाई अक्षतांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला. आपल्या हट्टापायी ह्या बाईचं वीस वर्षांपूर्वीचं दुखणं आपण सगळ्यांसमोर उघडं केलं, असं त्या क्षणी दीपमालाला वाटलं, आणि तिचाही धीर सुटला.

मग अंतरपाट धरला. दोन मामांनी तो नेहमीच्या उंचीवर धरला आणि वरून मनस्विनीचे डोळे आणि मुंडावळ्या सरळ दिसायला लागल्या. गुरुजी म्हणाले, "जरा वर घ्या, मुलगी बघतेय." मामांनी हात उंचावले. पुन्हा हशा. अवधूतसाठी कुणीतरी ठेवलेला उंच पाट त्यानं आधीच पायानं बाजूला सारला होता. मंगलाष्टकं संपली, शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री कडाडली आणि अंतरपाट खाली आला.

आता हार. आणि हाराच्या वेळी नवरदेवाचे मित्र त्याला उचलून धरणार, नवरीचा हात पोचू नये म्हणून, हे ठरलेलंच. भोकरच्या बँकेतल्या चौघांनी अवधूतला कमरेत धरून वर उचललं. मनस्विनीचा चुलतभाऊ आलोक तिला उचलायला पुढं धावला. तिनं हातानंच त्याला थांबवलं, एक पाऊल पुढं टाकलं, दोन्ही हात वर केले आणि हार गळ्यात घातला. टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नाहीत. आख्खा मांडव ओरडला. बायकांच्या बाजूनं शिट्टी आली, कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चौघांनी खजील होऊन अवधूतला खाली ठेवलं. आता त्याची पाळी. मनस्विनीनं सवयीनं मान खाली घातली, गुडघे वाकवायला लागली. दीपमाला दोन हातांवर होती, तिला ऐकू आलं.

"वाकू नकोस," अवधूत म्हणाला.

आणि तो चवड्यांवर उभा राहिला. गुलाबाचा जड हार दोन्ही हातांत, फेटा मागे कलंडलेला, तोल जाऊ नये म्हणून जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरलेली. पहिला प्रयत्न मुंडावळ्यांत अडकला. लोक हसायला लागले. तोही हसायला लागला, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत, आणि हसता हसता पुन्हा टाचा उचलल्या. समोर ती ताठ उभी राहून डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. नवरदेवच सगळ्यांत जास्त हसतोय म्हटल्यावर त्याला हसणार कोण? दीपमाला केव्हा गुडघ्यांवर बसली ते तिलाच कळलं नाही. तिनं आख्खी चौकट घेतली, फेट्यापासून पावलांपर्यंत. दुसऱ्यांदा हार बरोबर पडला. विनीताबाईंच्या हातातलं ताट तसंच होतं. अक्षता टाकायचं त्या विसरून गेल्या होत्या आणि मुलाकडे बघत होत्या.

महिन्यानं त्या अल्बम पसंत करायला पुन्हा लातूरला आल्या. या वेळी वही नव्हती. दीपमालानं कव्हरसाठी हाराचा फोटो निवडला होता, पण उगाच बाईंना बोच नको म्हणून तो कमरेच्या वरच कापला होता. त्यात दोघांचे हसरे चेहरे अगदी एका पातळीत दिसत होते. कुणालाही आवडावा असाच होता.

विनीताबाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"खालचं का कापलंत?"

"बाई, मला वाटलं, तुम्हाला..."

"पूर्ण घ्या," विनीताबाई म्हणाल्या. "त्याच्या टाचा दिसल्या पाहिजेत."